पिठाच्या डब्यातल्या गोळ्या

रविवार, संध्याकाळ

परतूरचे पाहुणे मला पाहून गेले. ते येणार म्हणून आईने चार दिवसांपूर्वीच माझ्या डिप्रेशनच्या गोळ्या लपवल्या. एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू कमी करायच्या, असं डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं होतं. घरातली पहिली पदवी माझी, पण माझं ऐकतं कोण?

चहा नेताना डोक्यात विजेसारखे झटके बसत होते. कपबशा नुसत्या वाजत होत्या. मुलाची आत्या कौतुकाने म्हणाली, "किती लाजून राह्यली पोरगी. शिकलेली असून वळण हाय." सगळे हसले. बाबासुद्धा. कंप सुटला होता मला, आणि ती म्हणे लाज.

ते पसंती सांगून गेल्यावर आई म्हणाली, "बघ, गोळ्यांबिगर बराबर जमलं का न्हाई? मंग आता लग्नापर्यंत बंदच ठेव."

आणि लग्नानंतर? मी लपवायच्या?

आत्ता भाकरीसाठी पीठ काढताना डब्यात पाकीट हाताला लागलं. पुसून उशाशी ठेवलंय. उद्या आधी डॉक्टरांना विचारीन, परत कशा सुरू करायच्या ते. मग त्या मुलाला फोन करून सांगीन, कपबशा कशाने वाजत होत्या ते. त्यांना पसंत कोण पडलं, मी की ती लाजणारी पोरगी, तेव्हा कळेल.