खाटेच्या पायाखालचं व्याकरण

३ नोव्हेंबर, सोमवार

गो, वेंट, गॉन. कम, केम, कम. कट, कट, कट!

हा शेवटचा बरा. तिन्ही वेळेला तोंड एकच. माझ्यासारखा.

नात रिया दहावीला, चाचणीत इंग्रजीला अकरा मार्क. म्हणून तिच्या आईनं – माझी सून सुगंधा – पडवीत शिकवणी मांडली आहे. श्रावणात पाय मोडल्यापासून मी तिथेच बसलेली. ऐकण्याशिवाय करणार काय? रियाच्या जुन्या वहीची कोरी पानं उरली होती, त्यांवर लिहिते. चौथीपर्यंतचं अक्षर आहे. कोणी वाचू नये.

"आज्ये, तुझो पास्ट टेन्स सांग," रिया म्हणते.

"माझो पास्ट तुका पेलवचो नाय गो."

ती हसली. मी नाही.

सुगंधाच्या मांडीवर तिचं जुनं व्याकरणाचं पुस्तक होतं. कव्हराच्या मधोमध गोल खड्डा. खाटेच्या पायाचा. ह्यांचं अंग लुळं पडलं तेव्हा खाट डुगडुगायची, मीच ते पायाखाली सारलं. आठ वर्षं तिथे होतं. हे गेले, खाट हलली, तेव्हा तिनं पुस्तक उचललं, पदरानं पुसलं, कपाटात ठेवलं. भांडली असती तर बरं झालं असतं – मी उलट बोलले असते, विषय मिटला असता.

४ नोव्हेंबर

रियाच्या डोक्यात काळ काही शिरेना. मग सुगंधानं पुस्तक मिटलं नि बांगडे घेऊन विळीवर बसली.

"बघ गो. रोज कापतंय – आय कट. आता कापतंय – आय अ‍ॅम कटिंग. कालचो कापलो, खाल्लो, संपलो – आय कट. आणि ह्यो? कापून झालो, पण ताटात आसा. आय हॅव कट."

"कापून झालो तर झालो ना? मगे वेगळा कित्याक?"

"ताटात आसा मां! त्येचा काय करूचा ता अजून रवला."

रियाला कळलं. मलाही. इतकं सोपं करून सांगणारी बाई मी एकोणीस वर्षं मासे कापायला बसवली.

६ नोव्हेंबर

कसालच्या एका शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या होत्या. इंग्रजीची जागा रिकामी आहे. सुगंधानं चहा दिला आणि कचेरीतली मराठी काढली – "बाई, आमच्या देवीनं एकदा नाही म्हटलंय. तो शब्द मी मोडणार नाही." बाई म्हणाल्या, सोमवारी दहापर्यंत वाट बघते.



देवीनं नाही म्हटलं नव्हतं. लिहूनच टाकते!

सुगंधा नवी सून होती, बी.ए. बी.एड. तेव्हाही नोकरी आली होती. घरात ठरलं, कौल लावू. देवळात मी गेले. धोंडू गुरवानं देवीच्या अंगाला दोन बाजूंनी ओल्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. उजवी पडली. टपकन. देवीनं विचारसुद्धा केला नाही. आणि मी घरी येऊन सांगितलं, डावी.

लोकांना सांगायला कारण होतं – हे खाटेवर, घरात माणूस हवं. खरं कारण वेगळं. मला चौथीतून काढली, गुरांमागे लावली. मग ही कोण लागून गेली पर्स लटकवून शाळेत जाणारी? एवढंच. यापेक्षा मोठं काही नव्हतं.

नोकरीसाठी काढलेली मोरपिशी साडी तिनं परत ट्रंकेत ठेवली. घडी अजून मोडलेली नाही.

७ नोव्हेंबर

कापून झालेलं. पण ताटात आहे.

८ नोव्हेंबर

आज सांगणारच होते. ती नारळ खवत होती. मी तोंड उघडलं, आणि बाहेर काय आलं? – "खोबरां जाडां खवतंस."

जीभ आहे की कोयता!

९ नोव्हेंबर, रविवार

पडल्यापासून पहिल्यांदा घराबाहेर गेले. काठी घेतली, रिक्षा केली, देवळात. नव्यानं कौल लावायचा. उजवा आला की देवीचाच ताजा शब्द, त्याखाली माझं जुनं खोटं गुपचूप झाकून जाईल. कबूल करायला नको. अशी मी शहाणी.

पाकळी डावी पडली.

"काकी, डावो दिल्यान," धोंडू म्हणाला.

"परत लाव."

"देवी काय रिक्षावालो आसा, एक नाय म्हणालो म्हणान दुसरो बघूक?"

घरी आले. सुगंधा दारातच उभी. म्हटलं, "उजवो. हो म्हणता देवी. उद्या जा."

पहिलं खोटं लोण्यासारखं निसटलं होतं. हे काट्यासकट बाहेर आलं. तिनं माझ्या हातातली काठी घेतली, भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "बरा, आये."

१० नोव्हेंबर, सोमवार

मोरपिशी साडी नेसली, खड्ड्याचं पुस्तक पिशवीत घातलं, उंबऱ्यावर थांबली.

"आये, काल डावो दिल्यान ना? धोंडून फोन केल्यान. त्या टायमाचो उजवो पण तेनाच माका सांगलेल्यान."

"मगे तेवा गेलंस कित्याक नाय?"

"एकट्या तुमच्यान बाबांका उचलूक जमला असता? मगे रिया ल्हान, जागाय खय रिकामी नाय. आणि आता तुमचो पाय. म्हणान बाईंका नाय म्हटलंय. पण काल रिक्षान जाऊन इलास – म्हंजे पाय बरो झालो."

एसटीचा हॉर्न वाजला. गेली.

दुपारचे बांगडे मी कापले.

एकोणीस वर्षं समजत होते, मी तिला अडवलं. तेव्हा ती आपणहून राहिली, आज आपणहून गेली. मला नि देवीला कोणी विचारलंच नव्हतं.