मारुतीच्या आवारातल्या मधपेट्या

शहाड, ७ मार्च १९५६

ती. अण्णांच्या चरणी उत्तराचा साष्टांग नमस्कार.

आपली प्रकृती बरी असेल. माझी शाळा ठीक चालली आहे. काळजी आहे ती विमलाबाईंच्या मधपेट्यांची. वीटभट्टीवर विटा वाहून त्यांच्या खोकल्यातून रक्त पडू लागलं, ते काम सुटावं म्हणून मीच खटपट करून त्यांना दोन पेट्या मिळवून दिल्या. परवा त्या नदीवर गेल्या असताना कुणीतरी झाकणं फोडून मधाची पोळी ओरबाडून नेली. माश्या टिकल्या, हेच नशीब. परसाला कुंपण नाही, एकटी बाई राखण करणार तरी किती? आपण काही सुचवावं.

आपल्या आशीर्वादाची वाट पाहणारी,
उत्तरा

ठाणे, १० मार्च

चि. उत्तरेस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. आपल्या घरातली पहिली बी.ए. माश्या राखते म्हणून शेजारचे हरिहरपंत हसतात. तुझी आई मात्र तुला डंख किती झाले एवढेच विचारते. मला वाटते, पेट्या मारुतीच्या देवळाच्या आवारात हलवाव्यात. देवासमोरची वस्तू उचलायला चोरही कचरतो. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझे कुशल चिंतणारा,
अण्णा

शहाड, २९ मार्च

ती. अण्णांना सा. नमस्कार.

तुमची सूचना मलाही पटली होती, म्हणूनच पेट्या देवळाच्या आवारात हलवल्या, तेव्हा दोष एकट्याने घेऊ नका. होळी त्याच देवळापुढे रचतात, हे आपल्या दोघांच्याही मनात आलं नाही. होळीसाठी लाकूड पळवणं इथे चोरी नव्हेच, आणि एकदा रचलेलं कुणी परत मागत नाही. पोरांनी पेट्यांच्या तोंडाशी चिंध्या कोंबल्या आणि माश्यांसकट त्या गोवऱ्यांवर चढवल्या. विमलाबाई काढायला धावल्या, तर बायकांनीच त्यांना धरलं. होळीतलं काढलं तर गावावर संकट येतं, त्यात विधवेच्या हातानं तर नकोच, म्हणाल्या. मला निरोप मिळाला तोवर पेट्या पेटल्या होत्या. विमलाबाई इतरांच्या रांगेत उभ्या राहून होळीत नारळ टाकत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी पोलिसांसाठी अर्ज लिहून अंगठा मागायला गेले. त्या दारातच म्हणाल्या, "बाई, तुम्ही सुट्टीत ठाण्याला जाल. मला हितंच निजायचंय."

मग डोक्याला फडकं बांधून भट्टीकडे निघाल्या. मी निम्म्या वाटेपर्यंत मागे गेले. त्या वळल्या नाहीत, दोनदा थांबल्या त्या फक्त खोकायला.

आईला हे वाचून दाखवू नका.

आपली,
उत्तरा