एंजल आई कुणाला म्हणते

नेवासा, ३ मे २०२१

चि. ग्लोरियास, दयाचा ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तू कोविड वॉर्डात ड्युटीला, माझा भाऊ शमुवेल अँब्युलन्सवर. जिवाला नुसता घोर लागलाय. फोनवर तुझा चेहरा दिसला की एंजल रडते आणि दिवसभर घास घेत नाही. म्हणून दुधाच्या टेम्पोबरोबर हे पत्र पाठवतेय.

तुमची ही तीन वर्षांची नगरकरीण भारी नखरेल! भाकरीचा पापुद्रा तेवढा खाते. पण एक लपवत नाही. आमच्या केविनचं ऐकून ती मला आई म्हणायला लागलीय. एकदा टोकलं, तर जेवलीच नाही. तिची तब्येत बघू की तुझा हक्क? तूच सांग.

लोभ असू दे, राग धरू नकोस.

तुझी नणंद,
दया

नगर, ६ मे

ती. दयाताईंना सप्रेम सलाम वि. वि.

आधी तुमचा रागच आला. किट घालून रडले. आत डोळेही पुसता येत नाहीत. मग वाटलं, लेकरू जेवतंय ना? टोकू नका.

तपासणी निगेटिव्ह आली तर आठ दिवस सुट्टी आहे. मग पुन्हा वॉर्ड. तिचे केस हुंगायला जीव आसुसलाय. पण लळा लावून परत निघायचं, हे तिला सोसेल का? येऊ की नको?

माया आहेच, ती राहू द्या.

तुमची,
ग्लोरिया

नेवासा, ९ मे

चि. ग्लोरियास सप्रेम सलाम.

तू ये. एंजलला सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, की मम्मी परत जाणार का? केविनचे पप्पा म्हणतात, आत्ता नाही म्हणून सांग, आठ दिवस तरी पोर हसेल. माझी जीभ रेटेना. तू सांगशील तेच सांगेन.

वाट बघणारी,
दया

नगर, ११ मे

ती. दयाताईंना सप्रेम सलाम वि. वि.

तपासणी निगेटिव्ह आली. शनिवारी येते.

मम्मी परत जाणार, असंच तिला सांगा. खोटं बोलून मिळालेली मिठी मला नको. रुसली तर माझ्याकडे ढकलू नका. तुमच्याच कुशीत झोपू द्या, मी शेजारी अंथरूण टाकीन. दारात ती मला मम्मी म्हणो, नाहीतर केविनचं ऐकून मामी. तिच्या तोंडून जी हाक येईल, तिला ओ देईन.

तुमच्या मायेची,
ग्लोरिया