भिंतीत अडकलेली जलेबी

जबलपूर, सिविल लाइंस

ती. विनताताईस,

शशिकांतचा वाकून नमस्कार. (वाकता येतं अजून, उठताना तेवढा पलंगाचा आधार लागतो.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजी कानाचं यंत्र कानात घालतात की अजून खिशातच ठेवतात? आम्ही ठीक. अनसूयेचा दमा मधे वाढला होता, आता उतरला. तो काहून वाढला ते सांगायलाच हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण ती फोन स्पीकरवर टाकून ऐकते.

तू आली होतीस त्यानंतर आमच्या अनिमेषनं आपल्या दमेकरी आईसाठी घरभर भिंतींतून व्हॅक्यूमचे पाइप टाकून दिले. मोठं मशीन गॅरेजात बसतं. प्रत्येक खोलीच्या भिंतीला एक झाकणाचं तोंड असतं, त्यात लांब नळी खोचली की मशीन आपोआप सुरू होतं आणि धूळ भिंतीच्या आतून थेट गॅरेजातल्या डब्यात. आमच्या कॉलनीत असं कोणाकडेच नाही. पहिले सहा महिने मी येईल त्या पाहुण्याला चहाच्या आधी मशीन दाखवत होतो. (आता पाहुणे चहा पिऊनच येतात.) स्वयंपाकापासून साफसफाईपर्यंत सगळं करते भानुमती, तीच आपली, जी तुम्ही इथे असताना तुझ्याकडे होती. तिनं आठवड्याभरात ती नळी अशी हातात बसवली, की मला उगाच माझ्या चौतीस वर्षांच्या फॅक्टरीतल्या नोकरीचा अपमान झाल्यासारखं वाटलं.

तर महिन्यापूर्वी आमच्या झोपायच्या खोलीतली ओढ गेली. नळी गादीखाली फिरवली तरी धूळ जागची हलेना. अनसूया रात्रंदिवस खोकून राहिली. अनिमेष म्हणाला, मेकॅनिक बोलवा. मी म्हणालो, जन्मभर तोफगोळे तपासले, एक झाडू नाही तपासता येणार? आणि वही घेऊन तपासणीला बसलो. डबा रिकामा होता, फिल्टर धुतला, सगळ्या तोंडांची झाकणं घट्ट होती, नळी अंगणात नेऊन तिच्यातून खेळायचा काचेचा कंचा सोडला तर पलीकडून सुखरूप बाहेर. मग प्रत्येक तोंडाशी तळहात धरून पाहिला. बैठकीत ओढ जोरदार, स्वयंपाकघरात तर माझी अंगठी जाते की काय असं झालं. ओढ नव्हती फक्त आमच्या खोलीत. म्हणजे मशीन ठीक होतं, बोळा आमच्या खोलीच्या पाइपातच होता. तपासणी अगदी शास्त्रशुद्ध झाली, ताई, आणि ती जसजशी पुढे सरकत गेली तसतसा मला घाम फुटत गेला. कारण तो बोळा कशाचा आहे, हे मला वही उघडायच्या आधीपासून ठाऊक होतं.

खोव्याची जलेबी. शुगर निघाल्यापासून मला बंद आहे, हे तू जाणतेस (बंद करवणारी तूच). पण पेन्शनच्या कामानं बड़ा फुहाऱ्याच्या बाजाराकडे जावं लागतं, जलेबीचं दुकान तिथेच, आणि पेन्शनची कामं माझी फार वाढली होती. घरी येऊन आमच्या खोलीचं दार लोटून खायची. प्रश्न पाकानं भिजलेल्या कागदाचा. कचऱ्याचा डबा अनसूया उपसून बघते. मग एके दिवशी साक्षात्कार झाला. नळी लावायची, कागदाचा गोळा तिच्या तोंडाशी धरायचा, सुर्र, की पुरावा गॅरेजात. आणि गॅरेजातला डबा रिकामा करायचं काम मी आग्रहानं स्वतःकडे घेतलं होतं. (त्याबद्दल अनसूयेनं शेजारणीपाशी माझं कौतुकही केलं.)

आता पुढचं लिहायची लाज वाटते, पण लिहितो. बोळा कशाचा, असं अनसूयेनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, भानुमतीनं ओली कणीक ओढली असणार. शेवटी मेकॅनिक विक्की आला. त्यानं डोकं खाजवलं. "अंकल, आटा तो किचन में गिरता है, चोक बेडरूम में कैसे होगा?" मी त्याला हवेच्या दाबावर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. त्यानं ते ऐकून घेतलं, आपलं दुसरं व्हॅक्यूम आमच्या खोलीतल्या तोंडाला लावलं आणि उलटं ओढलं. घरघर झाली आणि कागद निघाले. एकाला एक चिकटलेले, तुपकट, वर धुळीचं अस्तर, आणि त्यातल्या एकाच्या पोटात अर्धी जलेबी.

अनसूयेनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्यावर एवढा विश्वास! ती भानुमतीकडे वळली. चोरून खाते ते खाते, वर माझा जीव घेते, असं बरंच बोलली आणि म्हणाली, "कल से मत आना." आणि मी, ताई, तुझा सख्खा भाऊ, हातात वही धरून गप्प उभा राहिलो. भानुमतीनं हात धुतले, पदराच्या गाठीतली घराची चावी सोडून टेबलावर ठेवली, आणि जाताना मला म्हणाली, "साहब, खाने के बाद वाली गोली कटोरी में निकाल दी है. भूलना मत."

ती फाटकाबाहेर पडली तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. सगळं सांगून टाकलं, विक्कीच्या देखत. अनसूया खाली बसली. म्हणाली, "चौतीस वर्षं तुम्ही फॅक्टरीत काय तपासून राहिले होते हो?" मग ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. खोकला मात्र थांबला. एकंदरीत सारं निभावलं म्हणायचं. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
शशी

ता.क. सारं निभावलं असं वर लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. भानुमती पाच दिवस झाले आली नाही. अनसूया गढा मोहल्ल्यात तिच्या घरी जाऊन माफी मागून आली. तिनं चहा पाजला, पण येते असं म्हणाली नाही. मीही गेलो होतो. दारात उभा राहून पंधरा मिनिटं फिल्टर कसा धुवावा ते सांगून परत आलो. तुझा शब्द ती मोडत नाही. तू तिला फोन कर, शशीला लाज वाटून राहिली आहे म्हणावं. पत्र त्यासाठीच होतं.

ता.क. दुसरा. फोन करू नकोस. वरचं लिहून वाचलं आणि मलाच कसंसं झालं. सरळ तिच्याकडे गेलो आणि म्हणालो, "भानुमती, खाया मैंने, नाम तुम्हारा लगाया. गलती मेरी है." ती म्हणाली, "मालूम था साहब. गद्दी के नीचे चींटी मैं ही तो झाड़ती थी." मग तू सांगितलं काहून नाहीस, असं विचारलं, तर म्हणाली, मला वाटलं तुम्ही सांगाल.

सोमवारपासून येते आहे. स्वयंपाक करीन, भांडी करीन, पण त्या नळीला हात लावणार नाही म्हणाली. अनसूयेनं लगेच कबूल केलं. तेव्हा रोज सकाळी दहा ते अकरा मला फोन करू नकोस. मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही, आणि पलंगाखालून निघायला मला वेळ लागतो.