तोडलेलं पाणी

सोनई, ता. ६ मे १९४६

प्रिय लिडियावन्सं यांस,
दयाचा सप्रेम सलाम वि. वि.

दवाखान्यातल्या मोठ्या नर्सबाईंना आमची आठवण नसते, म्हणून एरवी चिडवलं असतं. आज हात चालत नाही. तुमच्या भाच्याला, एलियाला, कालपासून जुलाब होताहेत. दहापर्यंत मोजले, मग सोडलं. आईंनी त्याचं पाणी तोडलंय. आत गेलं की बाहेर येतं, तर आत जाऊच द्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. अंगावरही पाजू देत नाहीत. नऊ महिन्यांचं पोर तांब्याकडे बघून ओठ चाटतं. हे शाळेच्या कामाला नेवाशाला गेलेत, आणि सासूपुढे बोलायची माझी छाती नाही. पत्र मोटारवाल्याच्या हाती देतेय, उत्तरही त्याच्याच हाती द्या.

लोभ आहेच, आज जरा जास्त करा.
दया

अहमदनगर, ता. ६ मे, दुपार

प्रिय दयावहिनीस,
लिडियाचा सलाम वि. वि.

मोटार उभी आहे. एलियाला पाणी पाज, उकळून गार केलेलं, हे पत्र संपवायच्या आधी. जुलाबांनी अंगातलं पाणी जातं आणि पोर त्यानेच दगावतं. अंगावर पाजणं थांबवू नकोस. तांदळाची पातळ पेज कर, चिमूटभर मीठ घाल. आधी स्वतः चाख. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागली तर फेकून दे. चमचा चमचा देत राहा. ओकला तर थोडं थांबून पुन्हा दे. टाळू खोल गेली, लघवी बंद झाली किंवा त्याने मान टाकली, तर पहिल्या मोटारीने इकडे आण. आई रागावेल. तिला सांग, तुमच्या लेकीचा हुकूम आहे, भांडायचं तर नगरला या.

माझा जीव थाऱ्यावर नाही. लोभ असावा, धीरही असावा.
लिडिया

सोनई, ता. ९ मे

प्रिय वन्सं यांस,
एलिया वाचला. आता सलाम वि. वि.

तुमचं पत्र मी आईंना वाचून दाखवलं. त्या उठून बाहेर गेल्या. मी चुलीवर पेज टाकली. तोवर टाळू खोल गेली होती, रडला तरी डोळ्यांत टिपूस नव्हता, आणि मोटार तर निघून गेलेली. पहिले चार चमचे ओकला. मी रडत होते नि भरवत होते. माझा हात भरून आला तेव्हा आईंनी आत येऊन चमचा घेतला, आणि मग त्याच पाजत बसल्या. सकाळची मोटार गाठायला बोचकं बांधलं होतं, पण उजाडताना त्याने दुपटं ओलं केलं. ते दुपटं मी शेजारणींना दाखवत फिरले.

आता आई जेवत नाहीत. काल त्यांनी विचारलं, की पान्यानं पोर ऱ्हातं, तर मंग माझ्या शलमोनला पानी दिलं असतं तर तो ऱ्हायला असता का? तुमच्या आधीचा तो भाऊ याच दुखण्याने गेला, एवढंच मला ठाऊक होतं. त्याचंही पाणी तोडलं होतं म्हणे. मी म्हटलं, वन्संना विचारते. त्या तुमच्या पत्राची वाट पाहताहेत. जपून लिहा.

तुमचीच,
दया

अहमदनगर, ता. ११ मे

ति. आईस,
लिडियाचा सलाम. दया वाचून दाखवील.

खोटं लिहून तुला फसवता येणार नाही. शलमोन कदाचित राहिला असता. पण घरी कधी न सांगितलेलं एक ऐक. दवाखान्यातल्या माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात एका बाईच्या लेकराचं पाणी मी तोडलं. डॉक्टरीणबाई पाजायला सांगून गेल्या होत्या. मला वाटलं, त्यांना काय कळतंय, आपल्या घरची रीत खरी. लेकरू संध्याकाळी गेलं. तुला सांगणारं कोणी नव्हतं, आई. मला सांगितलेलं होतं.

पुढच्या आठवड्यात येते. तोवर जेव. तुझ्याजवळ बसून मला रडायचंय.

हे कळल्यावरही लोभ कमी करू नकोस.
तुझी लिडिया