काचेमागचं ऊन

अहो,

दचकू नका, मीच आहे. आज लिहायला बसले, कारण डॉक्टरीणबाईंनी मला चांगलंच झापलंय आणि त्यातला निम्मा वाटा तुमचा आहे. तो पोचवायला नको का?

हल्ली जिना चढताना मांड्या भरून यायच्या, पाटावरून उठताना भिंत धरावी लागायची. रक्त तपासलं, तर ड जीवनसत्त्व पार तळाला! तुमचं होतं तसंच.

आठवतं ना? बाथरूममध्ये जरासे घसरलात आणि खुब्याचं हाड मोडलं. "ड जीवनसत्त्व कमी आहे, हाडं ठिसूळ झालीत," असं याच बाई म्हणाल्या, तर तुम्हाला पटेचना. "मी रोज पहाटे पाचला फिरायला जातो!" जायचात खरे, कानटोपी, स्वेटर, पायमोजे चढवून, आणि उजाडायच्या आत परत. "आजोबा, तेव्हा सूर्य कुठे असतो?" "तो उशिरा उठतो, त्याला मी काय करू?" अख्खा दवाखाना हसला होता. पण तेव्हा अंथरूण धरलंत ते कायमचंच. अजून राग येतो मला तुमचा. असं जायचं असतं का?

म्हणून मी शहाणपणा केला. रोज दहा वाजता बाल्कनीत उन्हाला बसू लागले. मंदार घरून काम करताना कानातला हेडफोन काढून विचारायचा, "आई, चार्जिंगला लावलंय का स्वतःला?"

तरी रिपोर्ट असा! "बाल्कनी उघडी आहे का?" बाईंनी विचारलं. कुठली उघडी? मंदारला नोकरी लागल्यावर हा फ्लॅट घेतला आणि कबुतरं नकोत म्हणून तुम्हीच काचा लावून बाल्कनी बंद केलीत. "काचेतून ऊब येते आजी, ड जीवनसत्त्व नाही. खाली जाऊन बसा, हात-पाय उघडे ठेवून. या वयात कातडीही ते कमी बनवते, म्हणून जोडीला गोळी. पडलात तर हाड मोडायला वेळ लागणार नाही."

खाली जा! सांगायला काय जातंय? तुमच्यामागे मी एकटी खाली उतरलेच नव्हते. कुणी तुमचा विषय काढला आणि मला रडू आलं तर? मंदार म्हणाला, "मी येऊ का सोबत?" म्हटलं, "तू तुझी मीटिंग कर."

आज गेले. बिबवेवाडीचं ते सणसणीत ऊन! बाकावर तिसऱ्या मजल्यावरच्या शेखभाभी लसूण सोलत होत्या. "या! किती दिवस जागा धरून ठेवायची तुमची?" झालं, रडू आलंच. त्यांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. "लसणाने होतं असं," म्हणाल्या आणि अजून दोन गड्डे माझ्या ओटीत टाकले. लसणाने कधी रडू येतं का हो? मला हसूच फुटलं. मग दोघी हसत बसलो, चांगलं अंग तापेपर्यंत.

तर शब्द देते. रोज खाली जाईन, गोळी चुकवणार नाही, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेईन. तुमची आठवण येते, रोज येते. पण तिकडे यायची मला मुळीच घाई नाही. जेवायला थांबू नका.

तुमचीच,
सुमन