न फवारलेली ओळ

धुळे, १६ जानेवारी १९८९

ती. कुंदाअक्काच्या चरणी शालिग्रामचा सा. न.

अक्का, तिळगूळ पोचला. तेवढाच गोड, बाकी आठवडा कडू गेला. तुमच्या शेतातल्या केळीवर मी करपा रोगावरच्या औषधाचा प्रयोग केला, त्यावरचा निबंध शोधपत्रिकेकडून परत आला. तिथे प्रत्येक निबंध दोन अनोळखी तज्ज्ञ तपासतात. ते विचारतात, औषध न फवारलेल्या झाडांचे आकडे कुठे आहेत? कुठून देऊ? तुलनेसाठी न फवारता राखलेली ती अख्खी ओळ दाजींनी पुतण्याच्या लग्नात मांडवाला तोडली! औषध न लागलेले, म्हणे, शुद्ध खांब. वर मलाच फेटा बांधून त्या मांडवात मिरवलं.

ओळ पुन्हा लावू. आमच्या कॉलेजातले विभागप्रमुख म्हणाले, निबंध तोवर माझ्याकडे राहू द्या. तो छापून आला तर मला बढती मिळेल, अक्का. दाजींना म्हणावं, यंदा ओळीला हात लावाल तर याद राखा!

तुझ्या मायेचा भुकेला,
शालिग्राम

चोपडा, २ सप्टेंबर १९८९

चि. शालिग्रामास अक्काचे अनेक आशीर्वाद.

लबाडा, निबंध छापून आला आणि आम्हाला औषधवाल्याकडून कळावं? त्यानं मराठीत सारांश वाटलाय. औषधानं करपा निम्म्यावर येतो, असं त्यात आहे. तुझ्या विभागप्रमुख साहेबांचं नाव वर, तुझं खाली, ते मला खुपलं. ह्यांनी मात्र पारावर पेढे वाटले. सारं गाव औषध घ्यायला निघालंय, आणि सगळ्यांच्या पुढे हे.

एक विचारते, रागावू नकोस. नवी ओळ आत्ता कुठे कमरेएवढी झालीय. मग न फवारलेल्या झाडांचे आकडे आले कुठून?

उत्तर लवकर धाड, जीव टांगणीला आहे.
अक्का

धुळे, ९ सप्टेंबर १९८९

ती. अक्कास सा. न.

साहेबांनी ते आकडे खुर्चीत बसून रचले आणि मला न विचारता निबंध धाडला. अंक हाती आला तेव्हाच मी पाहिलं. लाजेनं तुम्हाला कळवलं नाही. जाब विचारला, तर पान चघळत म्हणाले की तज्ज्ञांना ओळ हवी होती, दिली. आणि तज्ज्ञांनी मान डोलावली! ज्यांच्या पारखीवर माझा एवढा विश्वास, त्यांनी हे गिळलं. मला शिसारी आली आहे, अक्का. कॉलेजची पायरी चढवत नाही.

निबंध मागे घ्या, असं संपादकांना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की पहिल्या लेखकाच्या, म्हणजे साहेबांच्याच, सहीशिवाय तो मागे घेता येत नाही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! बढतीच्या अर्जातून मी तो निबंध काढला, बढती गेली.

औषध लागू पडतं की नाही, मलाच ठाऊक नाही. दाजींना थांबव. माझ्या नावावर कुणी विसंबू नये.

शालिग्राम

चोपडा, १७ सप्टेंबर १९८९

चि. शालिग्रामास आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे तसेच उठले. मग पारावर जाऊन साऱ्यांना म्हणाले, त्यामा मना सालानं नाव शे, तरी बी बठ्ठं खोटं शे, फवारू नका.

सख्ख्या मेव्हण्याचं नाव असूनही सारं खोटं म्हणाले, म्हणून कुणी फवारलं नाही. पण शालिग्राम मास्तर खोटारडा निघाला, असं गाव बोलतं. एकीला सांगायला गेले, की हे साहेबांचं काम. ती म्हणाली, नाव तर तुझ्या भावाचंही आहे.

भाऊबिजेला ये. हे म्हणतात, दिवसाउजेडी ये आणि पारावरूनच चालत ये. हे सोबत राहतील.

वाट पाहणारी,
अक्का